लग्नाला पाच महिने, आणि कातडी मागे जात नाही

पत्राचा सारांश: वय २७. लिंग शिथिल असताना पुढची कातडी निम्म्यापर्यंत मागे जाते, ताठर झाल्यावर टोकापाशीच अडते. लहानपणापासून असंच आहे, पण त्रास कधी नव्हता. लग्न ठरलं आणि काळजी सुरू झाली. एका मित्राने सांगितलं, "जोर लावून ओढ, एकदा फाटली की मोकळी होते." तीन आठवड्यांपूर्वी तसं केलं. चीर पडली, रक्त आलं. आता कातडी आधीपेक्षा जास्त आवळल्यासारखी वाटते आणि लघवी करताना झोंबतं. औषधाच्या दुकानातून खाज-बुरशीचं मलम आणून लावणं चालू आहे. दुसऱ्या मित्राच्या मते ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही. लग्नाआधी बरं होईल का, संबंध जमतील का, मूल होण्यात अडचण येईल का, हे तीन प्रश्न आहेत. शिवाय एक विनंती: डॉक्टरांकडे न जाता होईल असा उपाय सांगा.

उत्तर:

सगळ्यात आधी ओढणं थांबवा. बाकीचं वाचायच्या आधी एवढं पक्कं करा, कारण सध्या तुमचा त्रास वाढतोय तो त्यामुळेच. चीर पडते, ती भरताना तिथे व्रण तयार होतो, आणि व्रणाची कातडी मूळ कातडीसारखी ताणली जात नाही. पुन्हा ओढलं की पुन्हा तिथेच चीर, पुन्हा व्रण. मित्र म्हणाला तशी फाटलेली कातडी मोकळी होत नाही, तिथलं कडं आणखी आवळतं. तीन आठवड्यांत तुम्हाला जो फरक जाणवला, तो हाच.

पुढचे दोन आठवडे कातडीला फक्त भरू द्या. दिवसातून एकदा कोमट पाण्याने धुवायचं, साबण नाही, अँटिसेप्टिक द्रव नाही. दोन्हींनी ही नाजूक त्वचा आणखी चुरचुरते. धुतल्यावर चोळून पुसू नका, मऊ कापडाने टिपा आणि चिरेवर साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. लघवी झोंबते ती बहुधा चिरेला लागते म्हणून. लघवी करताना वरून कोमट पाणी सोडलं तर बरंच सुसह्य होतं. या काळात हस्तमैथुनही टाळा.

ते मलमही बंद करा, पण ट्यूब फेकू नका, डॉक्टरांना दाखवायची आहे. खाजेवरच्या अशा मलमांत बऱ्याचदा बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि एखादं तीव्र स्टेरॉइड एकत्र असतं. तुम्हाला बुरशी झाली आहे असं कुणी तपासून सांगितलेलं नाही. स्टेरॉइडचा या दुखण्यात उपयोग होतो, आणि तो कसा ते पुढे येतंच, पण कोणतं, किती आणि नेमकं कुठे लावायचं हे ठरवून. उघड्या चिरेवर अंदाजाने लावायचं ते औषध नाही.

आता तुमच्या पत्रामागच्या गृहीतकाकडे येऊ. तुम्ही धरून चाललात की लहानपणापासून शरीरात एक दोष आहे आणि तो आता उघडा पडणार. जन्मतः जवळजवळ सगळ्याच मुलांची पुढची कातडी आतल्या बोंडाला, म्हणजे शिश्नमुंडाला, चिकटलेली असते. नखाखालची कातडी नखाला धरून असते, तशी. ती वर्षानुवर्षं हळूहळू सुटते. याकोब अस्टर या डॅनिश डॉक्टरांनी १९६८ साली शाळकरी मुलांच्या तपासण्यांचे आकडे प्रसिद्ध केले. ६-७ वर्षांच्या मुलांत सुमारे ८ टक्क्यांची कातडी घट्ट होती, १६-१७ वर्षांच्या मुलांत सुमारे १ टक्क्याची. मधल्या काळात बहुतेकांची आपोआप मोकळी झाली, काहींची राहिली. तुम्ही त्या राहिलेल्यांपैकी. याला फायमोसिस म्हणतात. नाव जड आहे, पण त्रास होत नसेल तर घट्ट कातडीला उपचार लागतोच असं नाही.

डॉक्टर तुम्हाला पहिला प्रश्न विचारतील तो हाच: पहिल्यापासून घट्ट आहे, की आधी मागे जायची आणि आता जात नाही? तुमच्या बाबतीत उत्तर "पहिल्यापासून", आणि ते चांगलं आहे. हे वाचणाऱ्या कुणाचं उत्तर "आधी जायची" असं असेल, विशेषतः तिशी-चाळिशीनंतर, तर त्यांनी मलम शोधण्याआधी रक्तातली साखर तपासून घ्यावी. मधुमेहात लघवीतून साखर जाते, कातडीखालच्या ओलाव्यात बुरशी वाढते, खाज आणि बारीक चिरा येतात आणि कातडी घट्ट होत जाते. कित्येकांना मधुमेहाचा पत्ता असाच लागतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या चालू असतील तर हे आणखी सहज होतं, कारण त्या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात. गोळ्या मनाने बंद करू नका, देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

चीर भरली की एकदा नीट उजेडात, आंघोळीनंतर, स्वतःच बघा. लिंग शिथिल असताना कातडी दुखणार नाही इतकीच मागे घ्या आणि ती कशाने अडते ते पाहा. शक्यता मुख्यतः तीन.

पहिली, टोकाच्या थोडं आत रबर बँडसारखं एक अरुंद कडं दिसतं. ताणलं की फिकट पडतं, सोडलं की पुन्हा गुलाबी होतं. हे साधं घट्टपण. तुमच्या वर्णनावरून तुमचंही हेच असावं. दुसरी, कातडी चहूबाजूंनी मोकळी असते, पण खालच्या बाजूला मध्यभागी असलेला बंध आखूड असतो. बोलीत याला कुणी धागा म्हणतं, कुणी शीर. कातडी मागे घेतली की हा बंध ताणला जाऊन बोंड खाली वाकतं. हा वेगळा प्रकार आहे. मलमाने त्यात फारसा फरक पडत नाही, पण त्यावरची शस्त्रक्रिया छोटीशी असते. तिसरी शक्यता चुकवू नये अशी: कातडीचं टोक पांढरट, कडक, चकचकीत, कागदासारखं झालेलं असतं, कधी बोंडावरही पांढरे डाग असतात. हा बहुधा लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचेचा विकार. तो पुढे लघवीचं छिद्र आणि मार्ग अरुंद करू शकतो आणि बऱ्याच वर्षांनी कर्करोगाचा धोकाही थोडा वाढवतो. म्हणून यात घरचा कोणताही प्रयोग नको.

बघताना दोन गोष्टींनी माणसं उगाच घाबरतात. कातडीखाली साचलेला पांढरट, दह्याच्या कवडीसारखा थर हा मळ असतो. मृत पेशी आणि त्वचेचा तेलकटपणा, एवढंच. कोमट पाण्याने जेवढा निघेल तेवढा काढायचा, नखाने खरवडायचा नाही. आणि बोंडाच्या कडेने एका ओळीत, एकसारख्या, बारीक मोत्यांसारख्या पुळ्या दिसल्या तर तो गुप्तरोग नव्हे. त्या बऱ्याच पुरुषांना असतात. ज्यांची कातडी कधी मागे गेलेलीच नाही, त्यांना त्या पहिल्यांदा दिसतात म्हणून धक्का बसतो.

आता उपचार. साध्या घट्टपणावर पहिला उपाय आहे स्टेरॉइडचं मलम आणि जोडीला हळूहळू ताण देणं. बीटामेथासोन ०.०५ टक्के हे यासाठी बरंच वापरलं जातं. ते तपासूनच, चिठ्ठीवर घ्यायचं. स्टेरॉइड तिथली सूज कमी करतं, त्वचा थोडी पातळ आणि लवचीक करतं, म्हणजे एरवी चिरली असती ती कातडी ताणली जाते. साधारण पद्धत अशी: दिवसातून दोनदा, शक्यतो कोमट पाण्याच्या आंघोळीनंतर, कातडी किंचित तटतटेल इतकी मागे घ्यायची. ते फिकट कडं दिसलं की मुगाच्या दाण्याएवढं मलम बोटाच्या टोकावर घेऊन त्या कड्यावर गोलाकार जिरवायचं. मग कातडी पुढे आणायची आणि हात धुवायचे. हे चार ते आठ आठवडे. नेमकी मुदत तुमचे डॉक्टर ठरवतील.

बहुतेकांचं इथेच चुकतं. मलम बाहेरच्या सैल कातडीवर चोळलं जातं आणि अडवणारं कडं कोरडंच राहतं. किंवा दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून ट्यूब कपाटात जाते. फरक साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जाणवू लागतो. याच्या उलट, फरक पडला म्हणून सहा-सहा महिने लावत राहणंही बरं नाही, त्याने त्वचा प्रमाणाबाहेर पातळ होते.

ताण द्यायला मलम सुरू केल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरुवात करा. कातडी मागे घ्या, तटतटल्यासारखं वाटलं की तिथेच थांबा. तीस सेकंद धरा, सोडा. पाच-दहा वेळा करा, दिवसातून दोनदा. दुखायला लागलं तर तुम्ही एक पायरी पुढे गेलात, मागे या. ओढ जाणवणं ठीक, कळ नको. चीर पडलीच तर तीन-चार दिवस पूर्ण सुट्टी, हट्टाने "आजचं राहायला नको" असं करायचं नाही. आधी शिथिल अवस्थेत पूर्ण जमू द्या, ताठर अवस्थेतलं नंतर. हळूहळू रुंद करत नेण्याची ही कल्पना काही आजची नाही. सुश्रुतसंहितेत या विकाराला निरुद्धप्रकश म्हटलं आहे आणि उपचार सांगितलाय तो तुपाने माखलेली नळी घालून दर तीन दिवसांनी थोडी जाड नळी वापरण्याचा. नळ्या तुम्ही घरी घालायच्या नाहीत हे वेगळं सांगायला नको. पण दोन पायऱ्यांत तीन दिवसांचं अंतर आहे, त्याकडे लक्ष द्या.

ज्या दिवशी कातडी पहिल्यांदा बोंडाच्या कडेपलीकडे जाईल, त्या दिवशी आनंदाने तशीच ठेवू नका. काही सेकंदांत पुढे आणा. घट्ट कडं बोंडामागे अडकून राहिलं तर ते पट्ट्यासारखं आवळतं, बोंडात रक्त आणि पाणी साचतं, सूज येते, आणि सुजेमुळे कातडी पुढे येणं आणखी अवघड होतं. याला पॅराफायमोसिस म्हणतात. असं झालं तर घाबरून कातडी ओढत बसू नका. मुठीत धरून बोंड सलग पाच-दहा मिनिटं दाबा, म्हणजे सूज उतरेल. कापडात गुंडाळलेला बर्फ मधूनमधून लावायला हरकत नाही, उघडा बर्फ नको. मग दोन्ही अंगठ्यांनी बोंड आत ढकला आणि बोटांनी कातडी पुढे आणा. नाही आली, किंवा बोंड निळं-काळं पडू लागलं, तर रात्र असो की पहाट, थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात. हे "सकाळी बघू" असं काम नाही. लघवी तुंबली तरीही हाच नियम. हे अडकणं ताण देताना होतं तसंच संबंधानंतर, आंघोळीनंतर किंवा रुग्णालयात लघवीची नळी घातल्यावरही होऊ शकतं. कातडी मागे घेतली की पुढे आणायची, ही सवय कायमची लावून घ्या.

आणखी एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. इतकी वर्षं झाकलेलं बोंड उघडं पडलं की पाण्याची धारसुद्धा सहन होत नाही. काही बिघडलेलं नसतं, ते सवयीचं काम आहे. काही आठवड्यांत कमी होतं.

लग्नाचं म्हणाल, तर हिशेब मांडून बघा. चीर भरायला दोन आठवडे, मलम आणि ताण जास्तीत जास्त आठ, झाले दहा. पाच महिन्यांत वीसपेक्षा जास्त आठवडे असतात. दहाव्या आठवड्याला फरक पडला नाही आणि ऑपरेशन करायचं ठरलं, तरी त्यानंतर संबंध टाळायचा काळ साधारण चार ते सहा आठवड्यांचा. तारीख सगळ्यात बसते. बसत नाही ती फक्त घाई, "या आठवड्यात मोकळी झालीच पाहिजे" वाली.

पण त्या तारखेपर्यंत कातडी पूर्ण मागे गेलीच पाहिजे, हे कुणी ठरवलं? संबंधासाठी ती मागे जावीच लागते असं नाही. कित्येक जोडप्यांत ती जात नाही आणि त्याने काही अडत नाही. अडतं ते दुखलं तर. त्यावर भरपूर वंगण आणि सावकाश सुरुवात हे दोन उपाय पुष्कळ काम करतात. कंडोम वापरत असाल तर वंगण पाण्याच्या आधाराचं घ्या. तेल आणि पेट्रोलियम जेलीने लेटेक्सचा कंडोम कमकुवत होतो. कातडी सहज मागे जात नसेल तर आहे तशीच ठेवून कंडोम चढवा. आणि दुखलं की थांबायचं. त्यासाठी होणाऱ्या बायकोला आधी थोडी कल्पना द्यावी असं मला वाटतं. फार मोठं गुपित उघड केल्यासारखं नाही, "मला तिथे जरा घट्टपणा आहे, उपचार चालू आहे, सावकाश घ्यावं लागेल" एवढंच. पहिल्या रात्री दुखणं लपवत राहिलात तर तुमचं आखडलेलं अंग तिला वेगळंच काहीतरी सांगेल.

मूल होण्याचं उत्तर छोटं आहे: कातडीचा शुक्राणूंशी संबंध नाही. वीर्य योनीत पोचतंय तोवर घट्ट कातडीने गर्भधारणा अडत नाही.

ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही हे दुसऱ्या मित्राचं मत. ते पहिल्या मित्राच्या सल्ल्याइतकं घातक नाही, पण घाईचं आहे. ऑपरेशन खरोखर लागतं ते मलम नीट वापरूनही कडं सुटलं नाही, चिरून चिरून व्रण पक्का झाला, जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो, किंवा लायकेन स्क्लेरोसस आटोक्यात येत नाही तेव्हा. आणि ऑपरेशन म्हणजे सुंताच असंही नाही. साधं कडं असेल तर त्यावर उभा छेद देऊन आडवे टाके घालतात, त्याने घेर वाढतो आणि कातडी राहते. बंध आखूड असेल तर तेवढाच लांब करतात. सुंतेत कातडी काढूनच टाकतात, त्यामुळे घट्टपणा परत येत नाही, आणि लायकेन स्क्लेरोससमध्ये शस्त्रक्रिया करायची तर बहुधा हीच सुचवतात. भूल बऱ्याचदा फक्त त्या जागेपुरती असते. टाके सहसा आपोआप विरघळतात, दोन-तीन आठवडे लागतात. पहिले काही दिवस झोपेत लिंग ताठर झालं की टाके ओढले जातात, हे कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगतो. सूज दोन आठवडे राहू शकते. रक्तस्राव, संसर्ग, कातडी कमी-जास्त कापली जाणं, संवेदना बदलणं हे धोके थोडे असले तरी आहेत. डॉक्टरांना हा प्रश्न विचारा: "माझ्या बाबतीत कातडी राखून करता येईल का, नसेल तर का नाही?"

राहिली तुमची विनंती. डॉक्टरांशिवाय होणारा उपाय मी देत नाही, कारण वरच्या तीन शक्यतांपैकी तुमची कोणती हे कुणीतरी डोळ्यांनी बघायला हवं, आणि स्टेरॉइड चिठ्ठीशिवाय नको. युरोलॉजिस्ट किंवा त्वचारोगतज्ज्ञ, दोघांपैकी कुणीही चालेल. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी हरकत नाही. तपासणी पाच मिनिटांची असते. कातडी तुम्हालाच मागे घ्यायला सांगतात, किंवा विचारून बघतात. कदाचित लघवी आणि साखर तपासायला सांगतील. कुणी "बघू" म्हणून जोरात ओढू लागलं तर "थांबा, दुखतंय" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. खोलीत शिरल्यावर शब्द सापडत नसतील तर हे वाक्य मोबाइलवर लिहून न्या: "पुढची कातडी लहानपणापासून पूर्ण मागे जात नाही, तीन आठवड्यांपूर्वी ओढल्यावर फाटली, हे मलम लावत होतो." तुमची निम्मी गोष्ट त्यात येते, पुढचं ते विचारतील.

लहान मुलांच्या आईवडिलांसाठी दोन शब्द, कारण तशी पत्रंही येतात. तीन-चार वर्षांच्या मुलाची कातडी मागे जात नाही म्हणून आंघोळीच्या वेळी ती रोज ओढू नका. तुम्ही नुकतंच वाचलं त्या चिरा आणि व्रण बऱ्याच मुलांना अशा ओढण्यानेच येतात. बाहेरून पाण्याने धुणं पुरे. लघवी करताना कातडी क्षणभर फुग्यासारखी फुगते आणि मूल रडत नाही, धार नीट येते, तर तेही चालतं. लालसर सूज, पू, ताप, लघवीला जोर करावा लागणं किंवा टोक पांढरं-कडक होणं दिसलं तर मात्र दाखवा. कातडी कधी मागे घेऊन धुवायची ते मुलगा मोठा झाल्यावर त्यालाच शिकवायचं, आणि त्याच वाक्यात धुतल्यावर पुढे आणायचंही.